स्प्लेंडरचं बोरिंग केलं : सीसी किती वाढला अन् ताकद कुठून आली

आमच्या परळीत कोणाच्याबी गाडीचं बोरिंग झालं, म्हणजे इंजिनचा झिजलेला सिलेंडर आतून कापून नव्या मापाला गोल करून घेतला, की पोरं लगेच म्हणणार, आता काय बाबा, गाडी उडायलीय. आणि गंमत अशी की ते खोटं पण नसतं. बोरिंग झालेली गाडी आधीपेक्षा खरंच चांगली ओढते, फक्त कशामुळं ओढते त्याचं जे कारण चहाच्या टपरीवर सांगतात ते चुकीचं असतं. म्हणे सिलेंडर मोठा झाला, सीसी म्हणजे त्याच्या आतली जागा वाढली, म्हणून ताकद वाढली. मी यंदा माझ्या स्प्लेंडरचं बोरिंग केलं, आणि नुसती गाडी मिस्त्रीकडं टाकून संध्याकाळी पैसे देऊन आणली असं नाही, ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलेंडर असतो तो इंजिनचा भाग, पिशवीत घालून स्वतः लातूरला नेला, लेथवाल्याजवळ उभा राहिलो, मापं वहीत लिहून घेतली आणि घरी येऊन भाच्याला समोर बसवून गणित केलं. मास्तरकीची सवय, दुसरं काय.

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, २००६ चं मॉडेल, हिरो आणि होंडा वेगळे व्हायच्या आधीचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, शाळा अंबाजोगाईच्या बाजूला डोंगरात, म्हणजे रोज परळीतून निघायचं आणि बालाघाटचा चढ चढून जायचं. ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांना माहितीय, राखेचे टिप्पर, वीटभट्ट्या, उन्हाळ्यात काळ्या रानातली धूळ, शर्ट घातलेला कोणता होता ते शाळेत पोचल्यावर ओळखू येत नाही. ही सगळी धूळ इंजिन पण ओढत असतं, आणि राखेत आणि मातीत जी सिलिका असते ती लोखंडाला घासते, पॉलिश पेपरवानी.

तर गाडीला झालं काय, आधी तिनं ऑइल खायला सुरुवात केली. ऑइलची ९०० मिलीची बाटली टाकली की पुढच्या सर्व्हिसपर्यंत पट्टीला निम्मं पण दिसायचं नाही, आणि खाली थेंब पडलेला कुठं नाही. मंग धूर. निळसर, आणि चढाला ॲक्सिलरेटर पिळला की जास्त, मागं येणारा माणूस हॉर्न मारून शिव्या देऊन जायचा. घाटात जिथं तिसऱ्या गिअरवर आरामात जायचो तिथं दुसरा टाकावा लागायला लागला आणि तरी पण गाडी मरायलीच. किक तर इतकी हलकी झाली की पायाला काही लागतंय का नाही असं वाटायचं. अ‍ॅव्हरेज पंचेचाळीसवर आलं. शाळेत एकजण म्हणला कार्बोरेटर साफ करा, एकजण म्हणला प्लग बदला, एकानं तर पेट्रोलच खराब आहे म्हणून सांगितलं.

आमच्या मिस्त्रीची एक गोष्ट मला आवडते, तो आधी विचारतो मंग पाना हातात घेतो. त्यानं विचारलं, "सर, धूर सकाळी सुरू करताना मारायलीय का चढाला?" मी म्हणलं चढाला. तर त्याचं म्हणणं असं की रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या किकला भप्पकन निळा धूर टाकून नंतर गप होत असेल तर व्हॉल्व सीलमधून ऑइल उतरतंय, आणि लोड आल्यावर मारत असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या. तेवढ्यावर पण तो थांबला नाही. प्लग काढला, भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं, प्लग परत लावला आणि मला म्हणला मारा किक. किक एकदम जड! ऑइल रिंगांच्या भोवती बसलं आणि तेवढ्या पुरती फट बुजली, म्हणजे गळती पिस्टनच्या बाजूनंच आहे, व्हॉल्वकडून असती तर ऑइलनं काही फरक पडला नसता. दोन मिनिटाचं काम आणि पैसे शून्य. कुठल्याबी गाडीला इंजिन उघडायच्या आधी हे करून घ्यावं असं माझं मत आहे.

इंजिन उघडलं. एअर फिल्टरचा डबा उघडला तर फिल्टरच्या बाजूनं, जिथं रबर बसतो तिथून, धुळीची एक रेघ सरळ आत गेलेली. म्हणजे फिल्टर होता, पण हवा शहाण्यासारखी बाजूनं जायलेली. हेड म्हणजे सिलेंडरचं वरचं झाकण काढलं, ब्लॉक ओढला. मिस्त्रीनं माझं बोट धरून ब्लॉकच्या तोंडाशी आतून फिरवलं, वरून चार-पाच मिलिमीटरवर नखाला कडा लागली. रिंग जिथपर्यंत वर जाते तिथपर्यंत घासलंय आणि त्याच्या वर जिथं रिंग पोचतच नाही तिथं जुनं माप तसंच, म्हणून ती पायरी. आणि एका बाजूला वरपासून खालपर्यंत एक ओरखडा, उजेडात धरला की चमकणारा.

आता दोन रस्ते. एक, नवीन ब्लॉक-पिस्टनचं अख्खं किट. दोन, हाच ब्लॉक बोर करून ओव्हरसाईज म्हणजे मापानं थोडा मोठा पिस्टन टाकायचा. किट कंपनीचं घ्यायचं म्हणलं तर महाग, आणि बाजारात स्वस्तातलं जे मिळतं त्याच्या लोखंडाची गॅरंटी कोण देणार. स्प्लेंडरचा ब्लॉक बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा आणि आत बिडाची म्हणजे कास्ट आयर्नची स्लीव्ह म्हणजे नळी, ती बोर होते. मिस्त्री म्हणला ओरिजिनल लोखंड आहे सर, टाकू नका, लातूरला एक उस्ताद आहेत त्यांच्याकडं द्या, इथं ड्रिलला होन लावून घासून देणारे लई आहेत पण तुम्हाला मापात पाहिजे ना.

रविवारी दुकान बंद म्हणून शाळेची एक रजा टाकली आणि युरियाच्या गोणीच्या पिशवीत ब्लॉक गुंडाळून एसटीत बसलो. अंबाजोगाईत शेजारी एक आजी येऊन बसल्या, पिशवीवर हात ठेवून विचारायल्या, "काय हाय रं लेकरा, वजनदार?" म्हणलं गाडीचं काळीज आहे आजी. त्या जरा सरकूनच बसल्या.

उस्तादांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, उभं बोरिंग मशीन, त्याच्या शेजारी लेथ, भिंतीला टांगलेले शेकड्यानं जुने पिस्टन. सत्तरीकडं झुकलेले, चष्म्याला दोरी, बोलणं निम्मं मराठी निम्मं दखनी. पहिलाच प्रश्न, "पिस्टन लाए क्या गुरुजी?" मी म्हणलं आधी बोर करा मंग त्या मापाचा पिस्टन घेतो. त्यांनी मान हलवली. उलटं असतं म्हणे. पिस्टनच्या डब्यावर ०.५० लिहिलेलं असतं पण हातात आलेला पिस्टन कंपनी-कंपनीगणिक शतांश मिलिमीटरनं इकडं-तिकडं असतो, म्हणून आधी पिस्टन आणायचा, त्याचा व्यास स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाला, मायक्रोमीटरनं मोजायचा आणि त्याच पिस्टनला दोन-तीन शतांश मिलिमीटर मोकळीक ठेवून सिलेंडर कापायचा. मोकळीक जास्त ठेवली तर पिस्टन खडखड वाजतो, कमी ठेवली तर गरम झाल्यावर फुगून जाम होतो, कारण पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं. तरी पण कोणत्या साईजचा आणायचा हे कळायला आधी ब्लॉक मोजावा लागणारच होता, ते त्यांनी केलं.

हे मोजणं मी अगदी जवळून पाहिलं आणि मला वाटतं अख्ख्या कामातला हाच भाग बघण्यासारखा आहे. लांब दांडीचं बोर गेज, वर डायल, खाली दोन टोकं. ते आधी ५० मिलिमीटरला शून्य करून घेतलं. मंग ब्लॉकमध्ये तिरकं घालून हळू हळू डोलवायचं, काटा एका जागी जाऊन परत फिरतो, जिथं फिरतो ते खरं माप. वर, मध्ये, खाली अशा तीन जागी, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी, एक पिस्टनच्या पिनच्या रेषेत आणि एक तिच्या आडवं. मी वहीत लिहिलं : वर आडवं ५०.१४, वर पिनच्या रेषेत ५०.०९, मध्ये ५०.०९ आणि ५०.०६, खाली ५०.०३ आणि ५०.०२. म्हणजे सिलेंडर गोल राहिलेलाच नव्हता, वरून लंबगोल आणि खाली निमुळता. का, तर स्फोट होतो तेव्हा कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळं पिस्टन सरळ खाली न जाता एका भिंतीला रेटत जातो, ती भिंत जास्त घासते. आणि वरच्या टोकाला सगळ्यात जास्त का, तर तिथं दाब सगळ्यात जास्त, तो दाब रिंगच्या मागं शिरून तिला बाहेर ढकलतो, उष्णता तिथंच, ऑइल तिथंच सगळ्यात कमी, आणि धूळ पण पहिल्यांदा तिथंच येऊन बसते.

०.१४ मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण रिंग म्हणजे तोंड उघडं असलेलं कडं, सिलेंडर जेवढा रुंद होतो तेवढं ते पसरतं आणि तोंडाची फट वाढते, आणि फट वाढते ती व्यासाच्या पटीत नाही तर परिघाच्या पटीत, म्हणजे ३.१४ पट. ०.१४ गुणिले ३.१४, आले ०.४४. नवीन असताना जी फट पाव मिलिमीटरच्या आसपास असते ती वरच्या टोकाला नुसत्या सिलेंडरच्या झिजेनं पाऊण मिलिमीटरच्या जवळ गेली, वरून रिंग स्वतः झिजली ते वेगळंच. सायकलच्या पंपाचा वायसर गेल्यावर कितीबी जोर लावा, हवा हँडलकडूनच फुस्स होते, तसं झालं. स्फोटाचा दाब पिस्टन ढकलायच्या ऐवजी खाली ऑइलमध्ये आणि खालचं ऑइल वर धुरात.

आता साईज. उस्ताद म्हणले, नुसती झीज बघितली तर पंचवीसमध्ये म्हणजे ५०.२५ ला गोल होऊन जाईल, पण "वो लकीर पच्चीस में नै जाती." ओरखडा खोल होता. बोर करून पण तो राहिला तर तिथून ऑइल चढत राहणार, मंग सगळा खर्च पाण्यात. म्हणून पन्नास, म्हणजे ५०.५०.

तेवढ्यात मी भाच्याला फोन लावला होता, तो आयटीआयला आहे, त्याला गाड्यांचं वेड. तर हा फोनवर ओरडायला, "मामा, डायरेक्ट शंभरच मारा की, पिस्टन मोठा तेवढी पॉवर जास्त, उगं पन्नासमध्ये काय घाबरायलाव!" फोन स्पीकरवर होता. उस्ताद हसले. त्यांनी सांगितलं ते असं की कंपनी पंचवीस, पन्नास, पाऊणशे, शंभर असे चार टप्पे देते, म्हणजे एका ब्लॉकला जास्तीत जास्त चारदा जीव देता येतो. आज एका दमात शंभर मारलं तर पुढच्या वेळी ब्लॉक भंगारात नाहीतर नवीन स्लीव्ह घालायचा खर्च. आणि लोखंडाची भिंत पण तेवढी पातळ होते, पातळ भिंत गरम झाली की वाकडी होते. भाचा म्हणला बरं, पण त्याचं काही पटलेलं नव्हतं हे आवाजावरून कळत होतं.

पिस्टन-रिंग-पिनचा सेट तिथंच बाजारातून आणला. मशीनवर ब्लॉक खालच्या तोंडाला टेकवून बसवला, कारण खालचं तोंड क्रँककेसवर बसतं, सिलेंडर त्याला काटकोनात पाहिजे. मधोमध आणायलाच बराच वेळ गेला, कापायला त्या मानानं काहीच नाही. एकच टोकाचं हत्यार फिरत फिरत खाली जातं आणि राखाडी चुरा पडत राहतो. पूर्ण मापाला कापत नाहीत, चार-पाच शतांश शिल्लक ठेवतात, ते होनिंगला. होनिंग म्हणजे घासायचे दगड फिरवत वर-खाली करायचं, त्यानं आतून एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेषा पडतात. मला वाटायचं आरशासारखं चकचकीत झालं म्हणजे काम भारी, पण नाही, त्या बारीक रेषांमध्येच ऑइल धरून राहतं आणि नवीन रिंगा त्या रेषांवर घासूनच बसतात. आरसा केला तर रिंगा कधी बसतच नाहीत आणि नवीन इंजिन पण धूर मारतं. शेवटी रिंग सिलेंडरमध्ये सरळ बसवून फटीत फिलर गेज घालून दाखवलं, ०.२० ची पट्टी अडकत गेली. मजुरी पाचशेच्या आत, चहा त्यांचाच.

घरी आल्यावर भाचा आलेलाच होता. म्हणलं चल, वही काढ. सिलेंडरचा सीसी म्हणजे पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा झाडून घेतो ती. व्यासाचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक. स्प्लेंडरचा बोर म्हणजे व्यास ५० आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल ४९.५ मिलिमीटर. ५० गुणिले ५० म्हणजे २५००, त्याला ०.७८५४ आणि ४९.५ नं गुणलं की ९७,१९३ घन मिलिमीटर, हजारानं भागलं की ९७.२ सीसी, पुस्तकात लिहिलंय तेवढाच. आता ५०.५ घे. वर्ग २५५०.२५, पुढचं सगळं तेच, उत्तर ९९.१ सीसी. भाचा बघतच राहिला. दोन सीसी! बरं तुझा शंभर घेऊ, ५१ चा वर्ग २६०१, उत्तर १०१.१ सीसी. चारही टप्पे एकदम खाऊन चार सीसी मिळाले. स्ट्रोक क्रँकवर ठरतो, बोरिंगनं तो केसभर पण हलत नाही, त्यामुळं जे काही वाढतं ते एकट्या व्यासाच्या वर्गातून.

आता ताकद. बाकी सगळं तसंच राहिलं असं धरलं, म्हणजे प्रत्येक सीसीमागं तेवढाच दाब तयार झाला, तर टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर सीसीच्या प्रमाणात वाढतो. दोन टक्के सीसी, दोन टक्के टॉर्क. ही गाडी नवीन असताना साडेसात हॉर्सपॉवरच्या आसपास, त्याचे दोन टक्के म्हणजे ०.१५. मी दुपारी जेवून बसलो का उपाशी बसलो यानं चढाला याच्यापेक्षा जास्त फरक पडत असेल. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आत आलेली हवा किती पट दाबली जाते ते, पण किंचित वाढतो, कारण हेडमधली जागा तेवढीच आणि खालून येणारी हवा थोडी जास्त; नऊचा रेशो असेल तर ९.१६ वगैरे होईल. ते पण बुडाला कळायच्या लायकीचं नाही.

भाचा तरी सोडायला तयार नाही. म्हणला मंग बुलेटचं काय, ३५० आणि ५०० मध्ये फरक बोरचाच तर आहे. पोराचा मुद्दा बरोबर होता हं. जुनी लोखंडी इंजिनची बुलेट ३५० घेतली तर बोर ७० आणि स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. तिच्याच ५०० चा स्ट्रोक ९० च, बोर ८४, म्हणजे ४९९ सीसी. १४ मिलिमीटर बोर वाढला आणि सीसी थेट ४४ टक्के चढला, व्यासाचा वर्ग काय करतो ते इथं दिसतं. पण ताकद? ३५० ची १८ हॉर्सपॉवर, ५०० ची २२. म्हणजे २२ टक्के, सीसीच्या बरोबर निम्मी वाढ. आणि ही कंपनीनं बनवलेली गाडी, त्यात बोर वाढवून गप बसलेले नाहीत, बाकीचं इंजिन पण त्या हिशोबानं केलेलं.

असं का होतं तर इंजिनला ताकद सिलेंडर देत नाही, सिलेंडरमध्ये जळणारी हवा आणि पेट्रोल देतं. जागा मोठी केली पण हवा यायचा रस्ता, म्हणजे कार्बोरेटरचं तोंड, व्हॉल्व, कॅम, सायलेन्सर, हे सगळं तेवढंच ठेवलं तर कमी आरपीएमला सिलेंडर भरतो आणि तिथं ओढ वाढते, पण वरच्या आरपीएमला भरायच्या आधीच व्हॉल्व बंद होतो. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, वरचा आरपीएमच गेला तर आकडा कुठून वाढणार. वरून मोठा पिस्टन जड, त्याला वर-खाली फेकायला क्रँक आणि बेअरिंगवर ताण जास्त, आणि उष्णता जास्त तर इंजिन थंड ठेवणारे बाहेरचे फिन तेवढेच. जे लोक खरंच मोठ्या बोरचं किट बसवतात ते जेटिंग म्हणजे पेट्रोल सोडायच्या भोकांचं माप, कार्बोरेटर, कॅम सगळ्याला हात लावतात, नुसता ब्लॉक बदलून गाडी उडत नाही.

म्हणून माझं म्हणणं, बोरिंगनं मला जी ताकद मिळाली ती नवीन नाहीच, ती माझीच होती, फटीतून जायली होती. झिजलेल्या इंजिनातून किती गेली होती ते मला मोजता आलं नाही पण घाटात गिअर एक खाली उतरला होता यावरून ती दोन टक्क्यांच्या कितीतरी पटीत असणार. आणि सगळं श्रेय ब्लॉकला पण देऊ नये, कारण हेड उघडलंच होतं तर मिस्त्रीनं व्हॉल्व घासून बसवले, कार्बन खरवडला, सील बदलले. त्याचा पण वाटा आहेच.

बसवताना मी दोन गोष्टींवर अडून बसलो. एक, ब्लॉक पेट्रोलनं पुसून बसवायचा नाही. होनिंगच्या दगडाचा बारीक चुरा त्या रेषांमध्ये अडकलेला असतो, पेट्रोलनं तो निघत नाही, गरम पाणी आणि कपड्याच्या पावडरीनं ब्रश मारून धुवावा लागतो. आमच्या न्हाणीत मी तो धुतला, बायको दारात उभी राहून काय बोलली ते इथं लिहीत नाही. धुवून झाल्यावर पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून आतून फिरवलं, काळं आलं, परत धुतलं, परत फिरवलं, फडकं पांढरं निघेपर्यंत. नाहीतर तोच चुरा नवीन रिंगा खाणार आणि वर्षभरात परत लातूर. दुसरी गोष्ट, पिस्टनच्या डोक्यावर 'इन' असा शिक्का असतो ती बाजू इनलेटकडं, आणि रिंगांच्या फटी एका रेषेत न ठेवता तीन दिशांना फिरवून. हे मिस्त्रीला माहिती होतंच, मला उगं सांगायची हौस.

पहिल्या किकला चालू झाली नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला झाली, आणि झाल्याबरोबर पांढरा-निळा धूर. माझ्या पोटात गोळा. मिस्त्री म्हणला थांबा, बसवताना लावलेलं ऑइल जळायलंय. पाच मिनिटात सायलेन्सर साफ.

त्यानंतर रनिंगला सांभाळलं, पहिले पाचशे किलोमीटर फुल पिळायची नाही, मागं वजन नाही, एकाच स्पीडला तासभर धरायची नाही, कमी-जास्त करत राहायचं म्हणजे रिंगा दाबाखाली सिलेंडरला घासून बसतात. अगदी मुंगीच्या पावलानं पण चालवायची नाही, लोकं तिथं जास्तच करतात. मंग ऑइल काढलं, गरम असताना, आणि त्यात चांदीसारखी बारीक चमक दिसली ती रिंगा बसतानाची. नवीन ऑइल टाकलं आणि एअर फिल्टरचा डबा-रबरासकट नवीन, कारण तो तसाच ठेवून बोरिंग करणं म्हणजे गळक्या छताखाली घर सारवणं. त्याच्यानंतर घाटात तिसरा गिअर धरून गेली, वळणावर सुद्धा उतरवावा लागला नाही. अ‍ॅव्हरेज साठच्या जवळ आलं. ऑइलची पट्टी आता महिन्याला बघतो, वरच्या खुणेच्या जरासं खाली, बस.

ज्यांच्याकडं नवीन गाड्या आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा, सगळेच ब्लॉक बोर होत नाहीत. केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांच्या सिलेंडरला आतून निकासिलचा कडक थर असतो, लोखंडी स्लीव्ह नसतेच, तो थर कापला की खाली अ‍ॅल्युमिनियम. तिथं ब्लॉकच बदलतात नाहीतर परत प्लेटिंग करून घेतात. आणि सीसी वाढवायचा शौक असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघून घ्या, आरसीवर जे लिहिलंय त्याच्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. ओव्हरसाईज पिस्टन हा कंपनीनंच दिलेला दुरुस्तीचा मार्ग आहे, त्यात कोणी काही म्हणत नाही, पण ३५० ची ५०० करून रस्त्यावर फिरवली तर इन्शुरन्सवाला अ‍ॅक्सिडेंटनंतर काय म्हणेल याचा विचार करा.

भाच्याला आता बोरिंगचा नाद सुटलाय. सध्या तो त्याच्या गाडीला मागचं चेनचं चक्कर दोन दात मोठं बसवायच्या मागं आहे, आणि चढाला ओढ वाढवायची असेल तर हे खरं तर बोरिंगपेक्षा कितीतरी स्वस्त आणि हमखास काम आहे, फक्त सपाटीला त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरणार आणि टॉप स्पीड खाली येणार. ते मी त्याला सांगितलेलं नाही, परळी ते गंगाखेड एकदा जाऊन येऊ दे.